सवतीचा रुपया

बिजवराशी लग्न केलं की आमच्याकडे नव्या बायकोच्या गळ्यात सवत येते. म्हणजे मेलेल्या पहिलीचा चांदीचा टाक, मंगळसूत्रासोबत घालायचा. मी हसनाबादच्या शाळेत विज्ञान शिकवते, मला हसूच आलं होतं. पण माझ्या नवऱ्याची, कल्याणची, पहिली बायको प्रीती बाळंतपणात गेली, बाळासकट. मला दिवस गेल्यावर सासूबाईंना टाक घडवेपर्यंतही धीर धरवेना. त्यांनी प्रीतीच्याच माळेतला राणीछाप रुपया दोऱ्यात ओवला.

"काढू नको बरं, दैवशाला," त्या म्हणाल्या. "सवत गळ्यात असली म्हंजी पोटाला हात लावत न्हाई."

रुपया मजेशीर होता. कडेचे दाते एकसारखे, वजन बरोबर, पण छापा-काटा नाही. एका बाजूला राणीचं मुख उठावाचं, दुसऱ्या बाजूला तेच मुख उलटं, आत गेलेलं. टाकसाळीतली चूक. आधीचं नाणं साच्याला चिकटून राहतं आणि पुढच्या नाण्यावर त्याचाच खळगा उमटतो. सासूबाईंना मी हे नीट समजावून सांगितलं.

"म्हंजी पहिली गेलीच न्हाई," त्या म्हणाल्या.

मी विषय बदलला.

खोलगट चेहरा आपण सरकू तसा वळल्यासारखा दिसतो. दृष्टिभ्रम आहे तो. वर्गात मी प्लास्टिकचा मुखवटा उलटा धरून पोरांना दाखवते. तेव्हा राणी माझ्याकडे वळून बघते याचं मला काही वाटलं नाही. सकाळी छातीवर दात्यांचा गोल वळ उमटलेला असायचा, आंघोळ होईपर्यंत जायचा. आठव्या महिन्यात तो जाईनासा झाला. वळाच्या आत कातडी उचलली होती: नाक, ओठ, हनुवटी. खळग्यात कातडी दबून वर आली, एवढंच, असं मी आरशासमोर मोठ्यानं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी काळीपिवळी जीपनं जाफराबाद गाठलं. राधेश्याम सोनारानं दोरा सोडवून रुपया भिंगाखाली धरला.

"वरची राणी हाय," तो म्हणाला. "खळग्यातली न्हाई."

"मग कोण?"

त्यानं मेणाचा गोळा मऊ करून खळग्यात दाबला आणि अलगद उचलला. डोक्यावर पदर. कपाळाला टिकली. वरचा ओठ जरा पुढं आलेला. आमच्या बैठकीतल्या, हार घातलेल्या फोटोतला ओठ.

"वितळवून टाका," मी म्हणाले.

"आज भट्टी थंड हाय. उद्या करतो, बाई."

रुपया तिथंच टाकून मी निघाले. भ्याले होते, लपवत नाही. जीपमध्ये मात्र गळा मोकळा मोकळा वाटला. पोटावर हात ठेवून मी बाळाशी बोलत आले.

दिवेलागणीला सासूबाईंनी माझा गळा पाहिला. मटकन खाली बसल्या.

तेवढ्यात राधेश्यामचा फोन आला.

"बाई, माणूस पाठवणार होत्या तर सांगायचं ना. तुमच्या घरची बाई रुपया घेऊन गेली."

"कोण बाई?"

"नाव न्हाई सांगितलं. माझाच हाय म्हणल्या. लई जल्दीत होत्या. पदराखाली लेकरू होतं न. कवळं, अजून ओलंच."

मी पोटावर हात दाबला. आडवी होऊन कुशीवर वळले. पाणी प्याले, साखर खाल्ली.

जीपमधून उतरल्यापासून बाळ हललं नव्हतं.