मासे का गुबगुबीत झाले?

"उद्या सकाळी टेम्पो येणार आणि कोंबड्या जाणार!" काकांनी फर्मान सोडलं. "खातात पोतंभर, अंडी मात्र नावाला! माझ्या तळ्यातले मासे बघा, मूठभर खाद्यात कसे गुबगुबीत झालेत!"

"म्हणजे आता रोज मासेच?" काकांच्या थोरल्या ढोल्याने तोंड वाकडं केलं.

"तुला काय, तू दगडही खाशील!" धाकट्या वटवट्याने भावाला चिडवलं.

त्यांची चुलतबहीण मात्र गप्पच. तिला सगळे घुमी म्हणायचे. कोंबड्या तिच्या बाबांच्या होत्या. गेल्या थंडीत बाबा गेले, तेव्हापासून तिला ना रडू येत होतं, ना भूक लागत होती. आता कोंबड्याही जाणार म्हटल्यावर वाईट वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

सुट्टीभर ती तळ्याकाठी नुसती बसून असायची. जागा वाचवायला काकांनी खुराडं अंगणातून हलवून तळ्यावर, खांबांवर चढवलं होतं. संध्याकाळी त्यांनी खुराड्याच्या उतरत्या पन्हळीत खाद्य ओतलं, तसे मासे एका कोपऱ्यात गोळा झाले. रोजच व्हायचे. पण माशांना तर अजून कोणी काही घातलंच नव्हतं!

"चादर आणा," ती म्हणाली.

"अगं बाई, घुमी बोलली!" वटवट्या किंचाळला.

"बोलली ना? मग पळ!" ढोल्याने त्याला पिटाळलं.

तिघांनी पन्हळीच्या टोकाखाली चादर ताणून बांधली.

सकाळी टेम्पो दारात उभा राहिला, तरी काकांनी सवयीने खाद्य ओतलंच. कोंबड्यांनी चोची मारायला सुरुवात केली.

"काका, खाली बघा," घुमी म्हणाली.

सांडलेल्या खाद्याने चादरीला हा एवढा झोळ आला होता!

"पन्हळीचं टोक उघडंय. चोच मारली की खाद्य घसरतं. मासे कोंबड्यांच्या तोंडचं खातायत."

"म्हणजे मीच..."

"तुम्हीच! टोक बंद करायला दुसरं कोण विसरणार?" काकू कडाडली.

"मग मी रिकामाच जाऊ?" टेम्पोवाल्याने विचारलं.

"जा बाबा!" काका ओशाळून हसले. "शाब्बास पोरी! आम्ही रोज बघत होतो, पण दिसलं तुला. थेट तुझ्या बाबांची नजर!"

घुमीने खुराड्यात हात घातला. एकच अंडं होतं, अजून कोमट. ते घेऊन ती काकूसमोर उभी राहिली.

"काकू, मला भूक लागलीय."

काकूने अंडं हातात घेतलं. तिने आत जाऊन गॅस पेटवला.