रिकामं नाव

नेच्यांच्या नावांचं मोठं लचांड. ना फूल, ना फळ. ओळख काय ती पानामागच्या तपकिरी ठिपक्यांची. कुणी ठिपक्यांच्या आकारावरून प्रजाती पाडल्या, कुणी त्यांच्यावरच्या पापुद्र्यावरून. आता पेशींच्या तपासणीने जुनी घरं मोडून नवी मांडली जात होती. वनस्पती-संग्रहालयात कामाला असलेली धाकटी वाळवलेल्या नमुन्यांची ही बिऱ्हाडं आवडीने हलवी.

मग पाळी आली वडिलांनी पाडलेल्या प्रजातीची. तिला त्यांनी थोरल्या लेकीचं नाव दिलं होतं. तो नेचा आणायला ते दोघं दरीत उतरले होते. बाबांनी हाक मारली, खालून "आले बाबा" अशी ओ आली, आणि पोर पुन्हा दिसली नाही.

"तुमचा नेचा शेजारच्याच प्रजातीतला निघाला, बाबा," धाकटीने घरी सांगून टाकलं.

"म्हणजे तिचं नाव पुसणार तू?"

"पुसत नाहीत हो. नोंदीत राहतं, नुसतं रिकामं. दुसऱ्या कुठल्या झाडाला ते देता येत नाही, असा नियमच आहे."

"झाडाला," बाबा स्वतःशीच म्हणाले.

"घ्या! तिकडे नावं रिकामी पडलीत, आणि आमच्या ठमाकाकूला अजून एक सापडेना," धाकटीचा नवरा पाळण्याकडे बघत हसला. दातही न फुटलेली त्यांची लेक मुठी आवळून निजली होती; नेच्याचं कोवळं पान असतं तशी, स्वतःतच गुंडाळलेली.

धाकटीने नमुने हलवले. थोरलीच्या नावाचं जुनं कागदी वेष्टन रिकामं झालं.

दुसऱ्या दिवशी ते ओलसर लागलं. शेवाळाचा गार वास येत होता.

पुढे त्यात तपकिरी भुकटी दिसली, दोन सरळ ओळींत, पानामागे ठिपके असतात तशी. पान मात्र कुठेच नव्हतं. तिने भिंगाखाली धरली: नेचा ज्यांतून उगवतो ते बीजाणू, ताजे, पिकलेले. तिला भारी नवल वाटलं. काय होतंय ते बघू, म्हणून तिने वेष्टन तसंच ठेवलं.

सकाळी भुकटी नाहीशी.

"मी हात नाही लावला, ताई," शिपाई म्हणाला. "तुमच्याच बाहीला लागून गेली असेल घरी."

ती हसली.

संध्याकाळी लेकीची मूठ पुसायला तिने हलकेच उघडली. तळहाताच्या रेषांत तपकिरी भुकटी भरली होती.

पलीकडच्या खोलीत बाबांनी, डुलकीत मारत तशी, थोरलीला नाव घेऊन हाक मारली.

पाळण्यातून स्वच्छ ओ आली.

"आले बाबा."