वायर काढलेली होती

प्रतापला मी लिफ्टमध्ये गाठलं. कोथिंबीर आणायला खाली गेले होते. वर येताना त्याचा सातवा मजला आला, दार उघडलं, तशी मी पिशवी दारात आडवी धरली.

"प्रताप, तू कम्प्युटरचंच काम करतोस ना रे?"

"हो काकू. का?"

"आमचा तापतो. तीन रविवार झाले. निशी म्हणतो, प्रोसेसर तापतोय, हात लावू नको. स्वतः दुरुस्त करत नाही, माणूसही बोलवत नाही. उद्या चौथा रविवार. तू येऊन बघशील?"

तो हसला. "आमच्याकडे बायको तापलीय, आज हरतालिकेचा उपास ना. तिला थंड करायची पेस्ट लावता येत नाही. कम्प्युटरचं काय, अर्ध्या तासाचं काम. दुपारी येतो."

ही गोष्ट दोन हजार सहा सालची, सिंगापुरातली, बुकित बातोकच्या नवव्या मजल्यावरची. निशी म्हणजे माझा निशिकांत. सुनेच्या, सुचित्राच्या, बाळंतपणाला मी सहा महिन्यांसाठी आले होते. मैत्रेयी झाली, सुचित्रा पाया लेबारला ऑफिसात परत जायला लागली आणि माझे सहा महिने वाढत गेले. हे मागं कऱ्हाडलाच. ह्यांना का आणलं नाही, तर सुचित्रा म्हणाली, एका खोलीत दोघं आणि पाळणा मावत नाही. मी मावले, पाळणा मावला. हे मावले नाहीत.

मला लिहिता-वाचता येत नाही. आकडे येतात, बसच्या पाट्यांवरून शिकले. त्यामुळे पत्राचं नावच नको. आमचा संसार त्या कम्प्युटरवर चालायचा. रविवारी इथं दीड वाजला की तिकडं अकरा. हे इस्त्रीचा सदरा घालून स्टँडजवळच्या कॅफेत जाऊन बसायचे. एसटीच्या डेपोत जन्म काढलेला माणूस, इंजिनाशी जेवढं बोलले तेवढं माझ्याशी बोलले नसतील. पडद्यावरही तेच. "जेवलीस?" म्हणायचे. मी "हो" म्हणायची. मग मैत्रेयीला मांडीवर उचलून दाखवायची, ती दोन्ही हात पडद्याकडं करायची आणि हे नुसते बघत राहायचे. कॅफेतला पोरगा वेळ संपला म्हणायचा, तोवर. एवढंच. पण सोमवार ते शनिवार मी त्या एवढ्यावर काढायची.

ऑगस्टातल्या पहिल्या रविवारी मी वेणी घालून, मुलीला पावडर लावून बसले, तर निशीनं खाली वाकून भिंतीतली वायर उपटली.

"प्रोसेसर तापतोय आई. चालू केला तर जळेल."

"मग फोन तरी लाव."

"कऱ्हाडला पावसानं लाईन पडलीय."

पाऊस खरंच होता तिकडं, टीव्हीवर पूर दाखवत होते. मला पटलं. त्याच आठवड्यात नारळी पौर्णिमा आली. मी नारळीभात केला. निशीला ताटात वाढला, तो एकेक शीत मोजल्यासारखा खात राहिला. म्हटलं, गूळ कमी पडला का रे? तर म्हणाला, नाही, चांगला झालाय.

दुसऱ्या रविवारी दोघं कुणाकडं तरी गेली होती. घरात मी आणि मुलगी. दीड वाजला. सवयीनं मी त्या कोपऱ्यात गेले आणि टेबलाखालच्या त्या पत्र्याच्या डब्यावर हात ठेवला.

तापलेला होता. तवा नव्हे, पण ताप चढलेल्या माणसाचं कपाळ असतं तसा. वायर फरशीवर मोकळी पडलेली, भिंतीपासून चांगली हातभर लांब.

मी भ्याले नाही. अडाणी माणसाला कशाला भ्यायचं तेही कुणीतरी सांगावं लागतं. मला वाटलं, मशीनचा ताप असाच असेल, अन्न तोडलं म्हणून लगेच उतरत नसेल. मी मिठाच्या पाण्यात फडकं भिजवून त्याच्यावर पट्टी ठेवली. पाच मिनिटांत ती वाळून कडक झाली, वर मीठ पांढरं फुटलं. दुसरी ठेवली. तिसरी. चार वाजेपर्यंत मी पट्ट्या बदलत होते. मैत्रेयी दुपारभर किरकिरत होती, तिची चटई डब्याजवळ टाकली तर गाढ झोपली.

वास मात्र येत होता. शेणी जळल्याचा. खाली चिनी लोक पत्र्याच्या पिंपात कागद जाळत होते. त्यांचा पितरांचा महिना, आणि त्या वर्षी तो दोनदा आला होता, आपला अधिक येतो तसा. म्हटलं, त्यांचाच धूर. खिडकी लावून घेतली. खिडकी लावल्यावर वास वाढला.

तिसऱ्या रविवारीही तेच. निशी घरात होता म्हणून पट्टी ठेवली नाही. येताजाता नुसता हात लावत होते. तो मला तसं करताना बघायचा आणि पेपर तोंडापुढं धरायचा.

मग हरतालिका आली, शनिवारी. लग्नापासून मी ती निर्जळी धरते. खालच्या पोरांच्या खेळायच्या जागेतली मूठभर वाळू आणून पिंड केली, झुडपांची पत्री वाहिली. निशी दारात उभा होता.

"आई, पाणी तरी पी. या वयात कशाला?"

"तुझ्या बापाच्या आयुष्यासाठी आहे. तुला काय होतंय?"

 त्यानं पायात चपला घातल्या आणि टेक्काला, इथल्या आपल्या लोकांच्या बाजारात, भाजी आणायला निघून गेला. गणपतीची भाजी का रे, म्हणून मी विचारलं, तर जिन्याकडूनच म्हणाला, यंदा गणपती नको. सुचित्रा आधीच ऑफिसला गेली होती, शनिवारचा अर्धा दिवस. त्यानंतर मी मैत्रेयीला कडेवर घेऊन कोथिंबिरीला खाली गेले आणि प्रताप भेटला.

प्रताप दुपारी आला. खाली बसला, डबा ओढायला हात घातला आणि झटकन मागं घेतला.

"काकू, आत्ताच बंद केलात का?"

"तीन आठवडे बंद आहे."

"तसं नाही… चालू होता ना सकाळी?"

"वायर काढलेली आहे. तूच बघ."

त्यानं वायर बघितली. उचलून शेंडा हातात धरला, मग भिंतीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"ऊन येतं का इथं?"

"नाही येत."

त्यानं रुमालानं धरून डबा बाहेर घेतला आणि स्क्रू काढून बाजूचा पत्रा उघडला. आतला छोटा पंखा फिरत होता. हळू, दम लागलेल्या माणसासारखा. प्रतापनं बोट लावून तो थांबवला. बोट काढलं. पंखा परत फिरायला लागला.

"वारा असेल," प्रताप म्हणाला. खिडकी बंद होती.

तेव्हा मी पहिल्यांदा भ्याले. त्याच्या तोंडाकडं बघून. शिकलेला माणूस तो.

तरी त्यानं काम सोडलं नाही. पेपर अंथरला, पंखा सुटा केला, त्याच्याखालचे पत्र्याचे दाते ब्रशनं झाडले. जुनी पेस्ट वाळून खडू झाली होती, ती पुसायला त्यानं कापूस मागितला, मी वातींचा दिला. तांदळाच्या दाण्याएवढी नवीन पेस्ट लावून सगळं परत बसवलं. मग भिंतीत वायर घातली. पडदा निळा झाला.

"इथं तापमान दिसतं काकू. हा आकडा. आता उतरेल बघा."

अडतीस होता. मी बघत बसले. चव्वेचाळीस झाला. त्रेपन्न. प्रतापनं टेबलफॅन ओढून उघड्या डब्यापुढं लावला. सहासष्ट.

"पेस्ट नवी, पंखा चालू… असं व्हायला नको…" तो स्वतःशीच बोलत होता.

अठ्ठ्याहत्तर. वास आता इतका होता की डोळे चुरचुरले. त्यात तुपाचाही वास होता.

"एवढ्यावर आपोआप बंद पडतो हो… पडायलाच पाहिजे…"

एक्क्याण्णवला त्यानं वायर ओढली. पडदा काळा झाला. पंखा फिरतच राहिला.

मला ह्यांचं बोलणं आठवलं. गाडी तापली की कंडक्टर घाई करायचे, झाकण उघडा म्हणायचे. हे म्हणायचे, तापलेल्या इंजिनाजवळ गप बसावं, कुठं दुखतंय ते तेच सांगतं. मी गप बसले.

प्रतापला काहीतरी बोलायला हवं होतं. झाडून काढलेलं पेपरवर पडलं होतं, तो पेपर त्यानं माझ्यापुढं सरकवला. "एवढी धूळ होती बघा आत. खाली कागद जाळतात ना, त्याची राख उडून येते. त्यानंच तापत असेल."

मी चिमूट उचलली.

मला अक्षर कळत नाही, पण राख कळते. जन्मभर राखेनं भांडी घासली. कागदाची राख काळी, बोटाला लागली की नाहीशी होते. कोळशाची जड. ही मऊ होती, करडी. शेणीची, आणि आत लाकडाची. नवव्या मजल्यावर, ह्या देशात, शेणीची राख. बोटात चोळली तर मध्ये एक पांढरा कण लागला, अंगठ्याखाली चुरडेना. असा कण मी एकदाच बघितला होता. सासरे गेले तेव्हा मडकं अंगणातल्या झाडाला टांगलं होतं, वाऱ्यानं त्यातलं थोडं उडून माझ्या पदरात पडलं होतं.

कुलपात किल्ली फिरली. निशी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आत आला. त्यानं उघडा डबा बघितला, प्रतापला बघितलं, माझी चिमूट बघितली.

मी विचारलं, "निशी, हे कधी गेले?"

पिशव्या त्यानं खाली ठेवल्या नाहीत. तशाच धरून उभा राहिला.

"तीन तारखेला," तो म्हणाला.

प्रताप उठला. स्क्रू काढायचा पाना तिथंच टाकून, चपला हातात घेऊन बाहेर गेला.

"अग्नी कुणी दिला?"

"अभयनं." अभय म्हणजे ह्यांचा भाचा. "मी गेलो असतो तर तुला कळलं असतं. आणि तुला कळलं असतं तर तू गेली असतीस."

"गेलेच असते."

"मग परत आली नसतीस, आई. मैत्रेयीला कोण बघणार? सुचित्रा आत्ता कुठं कामावर… मी म्हटलं, थोडे दिवस जाऊ देत. मग सांगू."

"आणि हे मशीन? खरंच तापत होतं?"

"नाही. ते मी उगाच… काहीतरी सांगायचं म्हणून."

"हात लाव."

त्यानं लावला नाही.

मी मनात मोजत गेले. तेवीस सकाळी मी कुंकू लावलं होतं. सुतकात गोड करून त्यांच्या लेकाला वाढलं होतं. त्या दिवशी पहाटेपासून नरडं कोरडं ठेवलं होतं, ते राख झालेल्या माणसाच्या आयुष्यासाठी, आणि माझा मुलगा दारात उभा राहून नुसतं पाणी पी म्हणाला होता. मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्याले. दोन भांडी. मग कुंकवाचा करंडा बेसिनमध्ये रिकामा केला, धुतला, पुसला आणि पेपरवरची राख त्यात भरली. परत आले तेव्हा पंखा थांबला होता. डब्यावर हात ठेवला. फरशीसारखा गार.

दिवाळीच्या आधी कऱ्हाडला गेले. अभय मला स्टँडवर घ्यायला आला होता. दोन दिवस घुटमळला, मग बोलला.

"मामी, एक सांगू का? सावडायला गेलो तिसऱ्या दिवशी. रीत म्हणून दूध शिंपडलं. एरवी वाफ येते हो, आत निखारा असतोच… राख थंडगार. पावसानं म्हणावं तर वर पत्र्याची शेड. लाकूड पुरतं जळालेलं, पण धग नाही. आणि राखही… कमी वाटली. चितेवरनं कुणी उचलून नेल्यासारखी. मामांचं सगळंच तुटपुंजं, म्हटलं, हेही तसंच."

करंडा माझ्या पिशवीत होता. संगमावर सोडायला म्हणून नेला होता. पायऱ्या उतरले, पाण्यापर्यंत गेले, आणि घेऊन परत आले.

महिन्यानं मी सिंगापूरला आले. मैत्रेयीसाठी. आले असते मी, तेव्हाही आले असते. तेरावा करून, कपाळ पुसून आले असते. माझ्या पोटच्या पोराला एवढं कळलं नाही.

तो कम्प्युटर कधीच गेला. त्या जागी आता देव्हारा आहे, करंडा तिथंच असतो. रविवारी दीडच्या सुमाराला तो कोमट होतो. मैत्रेयी आता तीन वर्षांची झाली. ती करंडा गालाला लावते आणि इथल्या पोरांसारखं म्हणते, "आज्जी, वॉर्म लाह." मलाही तेवढाच लागतो, हातात हात घ्यावा तेवढा.

निशी त्याला शिवत नाही. मागच्या रविवारी मी आंघोळीला गेले होते, तेव्हा देव्हारा पुसायला म्हणून त्यानं करंडा उचलला असावा. जेवताना बघितलं तर उजव्या तळव्यावर करंड्याच्या बुडाएवढा गोल फोड, पाण्यानं भरलेला. सुचित्रानं विचारलं, काय झालं? तर म्हणाला, सकाळी चहाचं पातेलं लागलं.

आमच्या घरात चहा मी करते.