मारोतरावांचं धुणं

धुणं अर्ध्यावर असताना मशीन बंद पडली. ड्रम पाण्याने भरलेला, आत मुलींचे गणवेश, आणि मशीनवरचे सगळे दिवे गेलेले. निर्मला धोटेने बटण चार वेळा दाबलं, मशीनला एक थापही मारली, आणि शेवटी पिदुरकर मेकॅनिकला फोन लावला.

चंद्रपूरच्या उन्हात घामाघूम होऊन तो आला. सॉकेटमध्ये टेस्टर घातला, वीज होती. फ्यूज शाबूत होता, दाराचं लॉकही नीट लागत होतं. मागचं झाकण उघडल्यावर त्याला अंगठ्याएवढ्या काळ्या डबीवर लाल ठिपका दिसला.

"मशीन ठणठणीत आहे, ताई. वाटपकळीनं बंद केली."

वीज मोजूनमापून मिळायला लागून तीन वर्षं झाली होती. घरात कोण राहतं, कुणाची निकड किती, हे पाहून वाटपकेंद्र उपकरणात बसवलेल्या वाटपकळीतून एकेका उपकरणाची वीज सोडत किंवा तोडत असे. अर्जात लोक बिनदिक्कत थापा मारत. वारलेल्या आजीच्या नावावर एसी चालत. म्हणून केंद्राने धुण्याच्या मशीनमध्ये घामपट्टी बसवली. प्रत्येकाच्या घामाची ठेवण वेगळी, त्यामुळे धुण्याच्या पाण्यावरून घरातली माणसं ओळखता येत. कपडे खोटं बोलत नाहीत, असं केंद्राची जाहिरात मोठ्या तोऱ्यात सांगे.

पिदुरकरने मोबाइल वाटपकळीला टेकवला, नोंद वाचली आणि आवाज खाली आणला.

"मामाजी आहेत ना घरी?"

"आहेत की. ते कुठं जातील?"

निर्मलाचे सासरे मारोतराव आतल्या खोलीत होते. खाणीत तीस वर्षं कोळशाची धूळ खाऊन त्यांची फुफ्फुसं निकामी झाली होती. प्राणवायूच्या यंत्राची नळी नाकात असेल तरच त्यांना श्वास पुरे.

"केंद्राच्या लेखी ते घरात नाहीत," पिदुरकर म्हणाला. "पंधरा दिवस त्यांचा घामच आला नाही पाण्यात. आजाऱ्याची सवलत काढली त्यांनी. आज मशीन बंद केली, सहा वाजता प्राणवायूचं यंत्र बंद होईल."

निर्मला आत धावली. खिडकीच्या गजाला ओलं धोतर टांगलेलं होतं. ते तिने धुतलेलं नव्हतं.

मारोतरावांनी नजर चुकवली. "अंथरुणातच होऊन जाते आता. ते सुनेच्या हातात कसं देऊ? तू पोरींना शाळेत सोडाले जातेस, तवा नळी काढून न्हाणीत बसतो अन् सारेच कपडे धुतो."

"नळी काढून? मरायचं होतं का तुम्हाला, मामाजी?" ती ओरडली, आणि तिला रडू कोसळलं. पंधरा दिवस तिला पत्ता लागला नव्हता, याची तिला भयंकर लाज वाटली.

"रडू नका. केंद्राला फोन लावून माणूस दाखवा," पिदुरकर दारातून म्हणाला.

तिने फोनचा कॅमेरा सासऱ्यांसमोर धरला. फोनवरून केंद्राच्या सपाट, यांत्रिक आवाजाने त्यांना मान वळवायला, बोटं हलवायला सांगितलं.

"ओळख पटली. मारोतराव धोटे हयात आहेत."

निर्मलाने डोळे पुसले.

"गेले पंधरा दिवस त्यांचे कपडे कोणी धुतले?"

पिदुरकरने घाईघाईने मान हलवून तिला गप्प राहायला खुणावलं. पण निर्मलाच्या मनात राग होता, आणि सासऱ्यांचं कौतुकही.

"त्यांनी स्वतः धुतले! एवढा दम लागत असताना!"

केंद्राचा सपाट आवाज पुन्हा आला.

"स्वतःचे कपडे धुणारी व्यक्ती अंथरुणाला खिळलेली मानता येत नाही. रुग्ण सवलत रद्दच राहील. फेरतपासणी सात दिवसांनी."

फोन कट झाला तरी ती हॅलो, हॅलो करत राहिली. पिदुरकर कुठे प्राणवायूचा सिलिंडर मिळतो का पाहायला निघून गेला. पाच वाजून गेले होते. शहरातल्या किती घरांतून माणसं आज सिलिंडर शोधत असतील, कोण जाणे.

निर्मला कॉटच्या कडेवर बसली. मारोतरावांनी आयुष्यात पहिल्यांदाच सुनेचा हात धरला.

"लाज सोडून ते घाणेरडे कपडे तुह्या हातात देले असते," त्यांनी विचारलं, "तर जगू देलं असतं का मले?"