पाठीवरची पिशवी

लाईट यायला अजून लई टाइम हाय. तवर बसा हितं शेकोटीला. आन ऋषिराज, त्यो मोबाईल आधी खिशात घाल. उद्या गावभर सांगशील, मानसिंग तात्या भुताच्या गप्पा हाणतो म्हणून. गप्पा न्हाय ह्या. माझ्या युनूससंगं घडलेलं सांगतोय. भिगवणचा युनूस, मासळीवाला. त्याच्याकडची चिलापी खाऊन बोटं चाटलीत तुमी, पर त्या माणसाच्या घरात काय झालं ते एकानं इचारलं न्हाय.

त्याचा पोरगा अबरार. त्याला हिमोफिलिया व्हता. म्हंजे रक्त लवकर गोठायचंच न्हाय. आपल्याला लागलं की घटकाभरात रक्त धरतं, त्याचं वाहतच राहायचं. वरून काय दिसायचं न्हाय, आत सांध्यात साकळायचं. साकळून साकळून डावा कोपर कायमचा वाकडा झालेला. ह्याच्यावर औषध असतं, फॅक्टर म्हणत्यात त्याला. एका बाटलीत पावडर, संगं पाण्याची कुपी. दोन्ही मिसळून शिरेत द्यायचं. बारामतीच्या मोठ्या दवाखान्यात ते घरच्या घरी कसं द्यायचं ते शिकवत्यात. अबरार तितं शिकला आन सोताचं इंजेक्शन सोताच घ्याय लागला. डावा हात कुठं पोचायचा न्हाय, म्हणून शीर फुगवाय दंडाला बांधायच्या पट्ट्याची गाठ उजव्या हातानं आन दातानं मारायचा. पुढं सवयच लागली. पिशवीची गाठ असू द्या न्हायतर पतंगाची, दातानंच. थोरली बहीण अल्फिया चिडवायची, "अम्मी, आपल्या घरात उंदीर हाय गं!"

त्यो अबरार एका उन्हाळ्यात धक्क्यावर घसरला. डोकं आपटलं, शुद्ध गेली. बापाला सुई द्याय येत नव्हती. युनूसनं औषध घेतलं, पोराला टेम्पोत घातलं आन सुटला. औषध गार ठेवायचं, एवढंच त्याच्या ध्यानात. मासळीवाल्याला गार म्हंजे बर्फ, दुसरं काय ठाऊक असणार? मासळीच्या खोक्यात बर्फाखाली दडपलं त्यानं ते. जवळच्या दवाखान्यात काढलं, तर कुपी गोठून फुटलेली. आन गोठलेलं फॅक्टर वापरता येत न्हाय. त्या दवाखान्यात दुसरं नव्हतं. बारामतीच्या वाटंवर पोरगं बापाच्या मांडीवर गेलं. चौदा वर्षांचं पोरगं, रं.

कबरीत बापच उतरला. त्यांच्यात माती द्यायच्या आधी कफनाच्या गाठी सोडत्यात, त्या बी त्यानंच सोडल्या. तवापास्नं युनूसनं बर्फाला हात लावला न्हाय. धंदा बर्फाचा, आन मालक लांब उभा राहून गड्यांना सांगायचा. जेवताना मधीच म्हणायचा, "तात्या, मीच मारलं माज्या लेकराला."

अल्फिया हितं सणसरला दिलेली. तिचा पोरगा नईम. हा आजार आईकडनं पोरात उतरतो, तसा नईमला बी आला. पर पोरगी खमकी. बारामतीला जाऊन समदं शिकून आली.

आता मागल्या सालची शब-ए-बरात. त्या रातीला गेलेली माणसं आपल्या घराकडं बघाय येत्यात, असं त्यांच्यातली जुनी माणसं म्हणत्यात. चांदणं टिपूर पडलेलं. त्याची बायको जमीला शेजारी हलवा द्याय गेलेली. युनूस पोराच्या कबरीवर वाहाय फुलं घेऊन उंबऱ्यातच व्हता, तवर फोन वाजला.

"अब्बा, नईम कट्ट्यावरनं पडला. डोकं आपटलंय. उलटी बी केली." अल्फिया बोलत व्हती. "आमचा फ्रीज जळाला तवा औषध तुमच्याकडं ठेवलं न्हाय का? ते घेऊन या. डोक्याला लागलं की आधी फॅक्टर, मग दवाखाना, असं शिकवलंय आमाला. ॲम्ब्युलन्स निघालीय, पर बारामतीच्या रस्त्याला उसाची ट्रॉली उलटलीय, ती पलीकडं अडकलीय. या ना अब्बा, लवकर या!"

फुलं तितंच पडली. युनूसनं फ्रीज उघडला, औषध काढलं. वरच्या खणातनं बर्फाचा पॅक काढला, अबरार गेल्यापास्नं पयल्यांदा बर्फाला हात लावला. समदं पिशवीत कोंबलं, चेन ओढली, पिशवी पाठीवर टाकली आन मोटरसायकलला किक मारली.

शेटफळगढं मागं पडलं. लाकडी-निंबोडीच्या अंगाला वळला. दोन्ही बाजूला ऊस. रस्त्याला चिटपाखरू न्हाय. युनूस आपला तोंडानं दुवा म्हणत चाललेला.

आन मागचा टायर दबला.

कुणीतरी बसल्यावर दबतो तसा.

युनूसला वाटलं, खड्डा असंल. पर गाडी जड झाली ती झालीच. पाठीला गारवा लागाय लागला. मग बरगडीला काहीतरी टोचलं. टोकदार… हाडाचं. वाकडा कोपर. अबरार मागं बसला की अस्साच टोचायचा, आन बाप वरडायचा, "सरकून बस की रं!"

आज बाप वरडला न्हाय.

"अबरार?"

…

"बाळा, तू हायस व्हय?"

काय न्हाय. नुसता वारा.

मागं बघायची छाती झाली न्हाय त्याची. गाडी थांबवायची बी न्हाय. तिकडं नईम…

आन मग आवाज आला. पाठीमागं. अगदी कानाखाली.

चर्रर्र…

पिशवीची चेन.

पिशवीत हात फिरत व्हता. काचंवर काच वाजली. औषध… औषध काढतोय ह्यो! बापाला एकच कळलं. पोरगं राग धरून आलंय. मला दिलं न्हाय, आता कुणालाच मिळू देणार न्हाय.

"नको रं बाळा," युनूस रडाय लागला. "माजा जीव घे. आत्ता घे. पर ते लेकरू तुज्या बहिणीचं हाय. त्याचं औषध नको नेऊ…"

कापड फाटल्याचा आवाज आला.

मग… कायच न्हाय.

सणसरची वेस दिसली. गाडी एकदम हलकी झाली.

अल्फिया दारातच व्हती. नईम खाटंवर, डोळं अर्धवट मिटलेलं. तिनं बापाच्या पाठीवरनं पिशवी वडून घेतली आन चेन उघडता उघडता थबकली.

"अब्बा, बर्फाच्या आन औषधाच्या मधी फडकं घातलं व्हतं ना? बर्फ औषधाला टेकला तर ते गोठतं."

युनूस मटकन खाली बसला. न्हाय. घातलं न्हवतं. एका बाजूला औषध, त्याला लागून बर्फ, असंच कोंबलं व्हतं. परत तेच. त्याच हातानं, दुसऱ्यांदा. "मी नातू बी मारला गं," एवढंच त्याच्या तोंडातनं निघालं.

"काय बोलताय अब्बा? हे बघा की, किती चांगलं गुंडाळलंय तुमी."

औषध पांढऱ्या कापडाच्या घड्यांत गुंडाळलेलं. वरनं घट्ट गाठ. ती सुटंना, म्हणून तिनं कात्रीनं कापड बाजूनं कापलं. कुपी गार व्हती, पर आतलं पाणी पाण्यावाणी हलत व्हतं. तिनं मिसळलं, तळहातात हळूहळू फिरवलं, शीर धरली आन दिलं. थोड्या येळानं रस्ता मोकळा झाला, ॲम्ब्युलन्स आली, बारामतीला नेलं. नईम वाचला. आता बालवाडीत जातो आन बाईंचं डोकं खातो.

पर त्या रातीला, गाडी गेल्यावर, युनूसनं ते कापड उजेडात धरलं. कोरं, बिनशिवणीचं. एका कडंनं फाडलेलं. कापराचा वास येत व्हता त्याला, आन घडीत माती. कबरीत ज्या कापडाच्या गाठी सोडल्या, ते बाप इसरंल व्हय?

महिन्यानं त्यो माझ्याकडं आला. खिशातनं ते कापड काढलं. "तात्या, पोरानं मला माफ केलं म्हणायचं का?" म्हणून हमसून हमसून रडला. मी बी रडलो. मग त्यानं गाठ माझ्या हातात दिली. तिच्यावर दातांचं वण व्हतं. बारीक, पोराच्या दातांचं. मी बोट लावून बघितलं…

महिना झालेला, पोरांनो. गाठ अजून ओली व्हती.