तिसरी सीट

संकेत मला पहिल्यांदा भेटला तेव्हा त्याच्या अंगात पांढराशुभ्र शर्ट होता. तो शर्ट नंतर कधी पांढरा झाला नाही, आणि त्याला सर्वस्वी मी जबाबदार आहे.

सातिवलीच्या रस्त्यावर आमचा जुना टेम्पो बसला. बसला म्हणजे अगदी मांडी घालून बसला. मागे बोंबील आणि कोळंबीचे टब, डोक्यावर ऑक्टोबरचं ऊन, आणि वितळलेल्या बर्फाचा ओघळ पार गटारापर्यंत. माझी आई आग्नेस, पाचूबंदरातली सगळ्यांत खणखणीत आवाजाची बाई, टेम्पोच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. मासळी ठाण्याच्या बाजारात वेळेत पोचली नाही तर ती फुकट जाणार होती. तेवढ्यात मागून एक उंचच्या उंच, करकरीत नवा पिकअप हॉर्न देत आला.

मी सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"मागे रिकामं आहे ना?"

"मॅडम, ही डेमोची गाडी आहे. शोरूमची. लोकांना दाखवायला…"

"मग दाखवा की. आम्ही लोकच आहोत."

तो हसला. हसलो तिथेच फसलो, असं तो आता सांगतो. आम्ही टब चढवायला घेतले, पण त्या गाडीचा हौदा माझ्या छातीएवढा उंच. आईने एक टब कमरेपर्यंत उचलला आणि तिथेच अडकली.

"ही गाडी हाय का माडी? चढायला शिडी लागंल."

संकेतने तिच्या हातातला टब घेतला, डोक्यावर उचलला, आणि बर्फाचं सगळं पाणी त्याच्या बाहीतून आत शिरून पट्ट्यापर्यंत पोचलं. डोळे मिटून त्याने फक्त एक दीर्घ श्वास घेतला. बोंबलाच्या टबाशेजारी उभं राहून तो घ्यायचा नसतो, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

पुढे दोनच सीट होत्या, म्हणून आई मेकॅनिकची वाट बघत टेम्पोपाशी थांबली आणि मी त्याच्या शेजारी बसले. तो विरारला राहायचा, घरचे मूळचे साताऱ्याचे. मासळी वेळेत पोचली. परत येताना त्याने चारही काचा… म्हणजे होत्या त्या दोन्ही काचा खाली केल्या.

"साहेबांना काय सांगू आता?"

"चिंचेच्या पाण्याने धुवा आणि उन्हात ठेवा."

"गाडी?"

"गाडी, शर्ट… आणि तुम्ही पण."

टेम्पो काही दुरुस्त होण्यातला नव्हता. त्यात पास्कलमामाचा अर्धा वाटा, म्हणून नवी गाडी घ्यायची तर मामाचा शब्द चालणार होता. मामाने शोरूममध्ये पाऊल टाकलं आणि तोच उंच पिकअप बघून तिथेच पाघळला. समोर दणकट लोखंडी गार्ड, टायर गुडघ्याच्या वर. बंदरात कोणाकडे अशी गाडी नव्हती, आणि मामाला तेवढं पुरेसं होतं.

संकेत आता गडद निळा शर्ट घालून उभा होता. माणूस शिकत होता.

"गाडीकडून तुमची अपेक्षा काय?" त्याने मला विचारलं.

"सगळ्यांना हेच विचारता?"

"सगळ्यांना. रेतीवाला वजन पेलणारे चाकांवरचे पाटे बघतो. भाजीवाला ॲव्हरेज विचारतो. फर्निचरवाल्याला हौदा लांब लागतो. विरारची पोरं उंच टायर बघतात आणि आधी फोटो काढतात." तो जरा थांबला. "तुमचं मात्र मला ओळखता येत नाहीये."

"सोपं आहे. हौदा आईच्या कमरेएवढा. आमच्यात टब बायका चढवतात. तळाला पाणी जायला भोक आणि खाली नळी, म्हणजे रस्त्यावर ओघळ नको आणि खारं पाणी साचून पत्रा सडायला नको. आणि पुढे तीन माणसांची सीट."

"तुम्ही, आई… आणि तिसरं कोण?"

"ते अजून ठरलं नाही."

त्याच्या हातातून किल्ली खाली पडली. ती उचलायला तो नको तेवढा वेळ वाकून राहिला.

रिकामी गाडी कोणीही पळवेल, मला भरलेली चालवून बघायची होती. मासळी भरायला साहेबांनी साफ नकार दिला, म्हणून आम्ही टबांत पाणी भरलं आणि चिंचोटीवरून कामणच्या रस्त्याला लागलो. एकदा नाही, बऱ्याचदा. कधी हा पिकअप, कधी त्याच कंपनीतला त्याचा धाकटा भाऊ, कधी त्यांचा चुलत भाऊ. धाकट्याचे पाटे कडक, खड्ड्यात गेला की टबातलं अर्धं पाणी बाहेर. चुलत भाऊ चढावर धापा टाकायचा. उंच पिकअप मात्र कुठेही डगमगत नव्हता, पण त्यात आईला टब चढवता येत नव्हते. सगळ्याच गाड्यांत पुढे सीट दोनच, त्यामुळे आई दर वेळी घरी राहायची. त्या गाड्यांचा तेवढा गुण मला मान्य होता.

"मासे खाता का हो?" मी एकदा विचारलं.

"खातो. म्हणजे… काटे काढून कोणी दिले तर."

"लहान बाळ आहात का?"

"बोंबलाच्या बाबतीत आहे."

मला तो आवडायला लागला होता. इतका, की घरी टब धुताना मी गुणगुणायचे आणि आई नळ बंद करून ऐकायची.

"जास्त नाचू नको," ती एका दुपारी म्हणाली. "इकनारा गोडच बोलतो. मी पन बोलते. पापलेट शिळं असलं का जास्तीच गोड बोलते."

ते मला लागलं. त्याचं हसणं माझ्यासाठी होतं की बुकिंगसाठी? रात्री कूस बदलत मी तोच विचार केला, आणि बुकिंगचा दिवस येऊच नये असं मला वाटायला लागलं.

दिवस आलाच. मामा इस्त्रीचा शर्ट घालून उंच पिकअपला टेकून उभा. शेजारी आई. माझं म्हणणं सांगून झालं होतं आणि मामाने ते ऐकून सोडून दिलं होतं. आता एक 'हो' म्हटलं की गाडी विकली जाणार होती. साहेब काचेआडून बघत होते.

"मामा," संकेत म्हणाला, "ही गाडी घेऊ नका."

मामाला वाटलं, आपणच चुकीचं ऐकलं.

"गाडी एक नंबर आहे. पण हिच्यात टब कोण चढवणार, तुम्ही?"

मामा गाडीच्या लोखंडी गार्डकडे बघायला लागला.

"यांना हवी ती गाडी आमच्याकडे नाही. हायवेच्या पलीकडे आहे, दुसऱ्या कंपनीची. हौदा खाली, पुढे तिघं बसतात. चला, मी दाखवतो."

आणि तो खरोखरच आम्हाला रस्ता ओलांडून घेऊन गेला. आई त्या गाडीच्या हौद्याच्या मागच्या फाळक्याला कंबर लावून उभी राहिली. बरोबर कमरेला लागला. मग ती मामाकडे नुसती बघत राहिली, आणि मामाने मान डोलावली.

बाहेर पडल्यावर मी संकेतला गाठलं.

"नोकरी जाईल तुमची."

"जाणार नाही. ओरडा मिळेल, मग सर्व्हिसिंगला बसवतील."

"मग का केलंत?"

"रोज तो टब उचलताना तुमच्या आईची कंबर…"

"फक्त आईची कंबर?"

तो ट्रकच्या रांगेकडे बघत राहिला. "आता तुम्ही शोरूममध्ये कशाला याल," तो म्हणाला, "एवढंच वाईट वाटतंय."

मला इतका आनंद झाला होता की मी त्याला नीट निरोपही न देता निघून आले. वेडीच आहे मी.

आमच्याकडे होडी असो, जाळं असो, नवं काही आलं की फादरांच्या आशीर्वादाशिवाय त्याला मासळी लागत नाही. पिकअपलाही तोच नियम. मिस्साची प्रार्थना झाल्यावर चर्चच्या आवारात गाडी उभी केली, झेंडूचा हार घातला. आणि फोन करून बोलावलेला संकेत आला तो पुन्हा नव्या पांढऱ्या शर्टात.

"हिंमत आहे," मी म्हटलं.

"आज मासळी नाही ना?"

फादरांनी हौद्यावर, बोनेटवर पवित्र पाणी शिंपडलं. चार थेंब संकेतवरही पडले. तो हलला नाही.

आता गाडी बंदराच्या धक्क्यापर्यंत न्यायची, पहिली फेरी घरच्यांची. मी स्टिअरिंगवर बसले, आई दाराशी उभी.

"तुमचा प्रश्न राहिला," मी खिडकीतून म्हटलं. "तुमची अपेक्षा काय?"

"गाडीकडून?"

"गाडीवालीकडून."

"मला तुम्ही आवडता. शर्ट खराब झाला तेव्हापासून." त्याचे कान लाल झाले होते. "तिसरं माणूस अजून ठरलं नसेल… तर…"

"ठरलंय," मी म्हटलं. "केव्हाचंच. आणि आता मला तुम्ही म्हणायचं नाही."

"आरं मग चढ की," आई त्याच्या पाठीत हात घालून म्हणाली. "मधी बस, खिडकी माझी हाय. आनि गेर टाकताना गुडघं आवळ."

तो चढला, मधे बसला. मी पहिला गेअर टाकला. माझा हात त्याच्या गुडघ्याला लागला. त्याने गुडघा आवळला नाही, आणि दुसरा गेअर टाकायला मी चांगलाच उशीर केला.

गाडी पहिल्याच गेअरमध्ये रडत-कण्हत गल्लीतून चालली होती. आई खिडकीबाहेर बघत होती. पाचूबंदरातली सगळ्यांत खणखणीत आवाजाची बाई, पण धक्का येईपर्यंत तिने तोंडातून एक शब्द काढला नाही.