राईचं एक मत

मंगळवारी सकाळी राईच्या मिठागरात पोशा भोईर पालथा सापडला. वाफ्यात जेमतेम घोट्याएवढं पाणी होतं. त्या पाण्यात त्याचं तोंड होतं आणि पाठीवर काठ्यांचे काळेनिळे वळ.

भाईंदर चौकीचा जमादार ऑगस्टीन घोन्साल्विस सायकलवरून आला. त्याने आधी प्रेत पाहिलं, मग बांध. वाफ्यापासून दोनशे पावलांवर बांधाची माती तुडवलेली होती आणि तिथे रक्त होतं. वाफ्याच्या कडेला मात्र एकाच माणसाची अनवाणी पावलं आणि काहीतरी ओढत आणल्याची खूण होती. मिठाचा कडक पापुद्रा जिथे फुटला होता, तिथे कडांना लालसर डाग लागले होते. पोशाच्या तळव्यांना खरचटलेलंही नव्हतं.

आदल्या दिवशी, १९३८च्या मार्चमधल्या त्या सोमवारी, प्रांताच्या कायदेमंडळाची पोटनिवडणूक झाली होती. राज्यावर असलेल्या पक्षाची पेटी हिरवी, विरोधी उमेदवाराची लाल. पडद्याआड जायचं आणि चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकायची. राई गाव सगळं हिरव्याचं, कारण बाबुराव म्हात्रे हिरव्याचा. गाव त्याला भाऊ म्हणायचं.

पोशाची बायको जिजाबाई ओटीवर बसली होती. ती रडत नव्हती.

"काल मत द्यायला गेला होता?" ऑगस्टीनने विचारलं.

"मला न्हाय म्हाईत. सकाली मिठागरावर गेला, तो परत आलाच न्हाय."

"कोणाशी वैर?"

"वैर कोनाशी असनार? गेल्या हप्त्यात चेण्याला जाऊन आला, तवापास्नं गप गप होता. म्हनला, निकालाच्या सभेत भाऊंना एक गोष्ट इचारनार हाय. सगल्या गावासमोर."

"काय गोष्ट?"

"न्हाय सांगितलं. पन त्या राती चांग्याचं नाव घेऊन रडला."

चांगा म्हणजे पोशाचा धाकटा भाऊ. तीस साली मिठाच्या सत्याग्रहात राईचे नऊ जण पकडले गेले. कोणीतरी नावं कळवली होती. चांगा तुरुंगातच मेला. त्याला दोरखंड बांधून ठाण्याला नेणारा शिपाई ऑगस्टीनच होता. जिजाबाईला ते ठाऊक होतं. तिने त्याला बस म्हटलं नाही.

दुपारी त्याने नामा मढवीला चौकीवर आणलं. नामाच्या काठीला रक्त लागलेलं होतं आणि ते धुण्याचंही त्याला सुचलं नव्हतं.

"कोण कोण होतात?"

"आमी अकरा जन, जमादारसाहेब."

"का मारलंत?"

"एक मत लाल पेटीत गेलं. गावाचं नाक कापलं. पोशानंच टाकलं."

"हे पहिल्यांदा कोणाच्या तोंडून ऐकलंस?"

नामा घुटमळला. "भाऊंच्या. ते आत बसले व्हते ना, पक्षाकडनं. पोशाचा हात लाल पेटीकडं जाताना पडद्याच्या फटीतनं बघितला म्हनले."

"कधी सांगितलं?"

"काल सांजचं. दिवे लागायच्या येलेला."

"मारून वाफ्यात टाकलात?"

"न्हाय, देवाशपत न्हाय! बांधावरच सोडला. जित्ता व्हता. बोलत व्हता."

"काय बोलत होता?"

नामाने मान खाली घातली. "पानी मागत व्हता."

"दिलंत?"

नामाने नकारार्थी मान हलवली. ऑगस्टीनने काठी ठेवून घेतली आणि गाव सोडू नकोस असं बजावून त्याला जाऊ दिलं.

संध्याकाळी डॉक्टरने सांगितलं की मार जबर होता, पण माणूस त्याने मेला नसता. पोटात आणि छातीत खारं पाणी भरलं होतं, मानेवर बोटांचे ठसे होते. कोणीतरी त्याचं तोंड पाण्यात दाबून धरलं होतं.

बुधवारी ऑगस्टीन सकाळीच चेण्याला गेला, तिथून ठाण्याला. तिथे मोजणी चालू होती. हिरवी पेटी जिल्ह्याभरात प्रचंड मतांनी जिंकली. त्याने फक्त राईचे आकडे मागितले. हिरव्या पेटीत बहात्तर, लाल पेटीत एक. मग मतदारांची यादी पाहायला मागितली. यादीत राईची चौऱ्याहत्तर नावं होती. चिठ्ठी दिलेल्या नावापुढे कारकुनाने खूण केली होती. ऑगस्टीनने खुणा दोनदा मोजल्या.

निघताना वरच्या साहेबाने त्याला बोलावलं. "राईचं प्रकरण गावकीच्या भांडणाचं आहे. अकरा जणांवर लिही आणि मिटव. उद्या नवे सभासद तिथे हार घ्यायला जातायत."

"होय साहेब," ऑगस्टीन म्हणाला.

गुरुवारी चार वाजता राईच्या देवळासमोर सभा भरली. निवडून आलेले सभासद मोटारीतून आले. बाबुराव पुढे झाला, तो किंचित लंगडत. पायात नव्या कोऱ्या वहाणा होत्या.

"पायाला काय झालं, भाऊ?" सभासदांनी विचारलं.

"नव्या वहाणेचा खिळा लागला."

हार घालून होताच ऑगस्टीन पुढे आला. "दोन मिनिटं बोलायचंय."

"इथे? आत्ता?" बाबुराव हसला.

"पोशाला इथेच विचारायचं होतं. तो नाही, म्हणून मी विचारतो. भाऊ, राईतलं एक मत फुटलं हे तुम्हाला सोमवारी संध्याकाळी कसं कळलं? पेट्या तर मोहोरबंद होत्या. मोजणी बुधवारी झाली."

"मी पोशाला बघितलं. पडद्याच्या फटीतून."

"यादीत चौऱ्याहत्तर नावं आहेत आणि खुणा त्र्याहत्तर. बहात्तर अधिक एक, त्र्याहत्तर. एका माणसाने मत दिलंच नाही. पोशा भोईरच्या नावापुढे खूण नाही."

सभेतली तोंडं भाऊंकडे वळली. नामाच्या तोंडून कण्हल्यासारखा आवाज निघाला.

"जो माणूस आलाच नाही, त्याचा हात तुम्ही बघितलात. लाल पेटीत एक चिठ्ठी आहे हे मोजणीआधी एकालाच ठाऊक असू शकतं, ज्याने ती टाकली त्याला. तुम्ही स्वतःच्या पक्षाविरुद्ध मत टाकलंत, ते पोशाच्या नावावर लावलंत आणि गावाला त्याच्या अंगावर सोडलंत."

"मी कशाला असं करीन?"

"तीस साली नऊ जण पकडले गेले, तुम्ही सुटलात. म्हणालात, चेण्याला मामेबहिणीच्या लग्नात होतो. ते लग्न पुढच्या वर्षी झालं. काल तुमच्या मामाने मला सांगितलं, आणि गेल्या हप्त्यात पोशालाही. गावाने तुमचा मान राखून मामाला कधी विचारलं नाही, पोशाने विचारलं, आणि मामाने ते तुम्हाला कळवलं. आज इथे, सभासदांच्या समोर, तो विचारणार होता की ती नऊ नावं तुम्हीच कळवलीत का."

"मारलं या लोकांनी! मी हातही लावला नाही!"

"यांनी मारून बांधावर टाकलं. तो मेला नाही म्हणून तुम्ही मागून गेलात. आवाज नको म्हणून वहाणा काढल्यात. तो पाणी मागत होता. तुम्ही त्याला ओढत वाफ्यापर्यंत नेलंत. वहाण काढा, भाऊ."

बाबुराव मागे सरकला. दोन म्हाताऱ्या मिठागरवाल्यांनी त्याला खाली बसवून वहाण ओढून काढली. तळव्यावर बारीक, आडव्या, सुजलेल्या चिरा होत्या, दहा-बारा तरी. मिठाचा पापुद्रा काचेसारखा कापतो, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं.

"एक खिळा एवढं कापत नाही," ऑगस्टीन म्हणाला.

बाबुरावने सभासदांकडे पाहिलं. त्यांनी गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला. "या गृहस्थांशी माझी ओळख जेमतेम," असं म्हणून ते मोटारीकडे चालू लागले.

"साहेब, बहात्तर मतं मी दिली तुम्हाला!" बाबुराव ओरडला. "पोशा एकटा होता! त्याच्या एका शब्दाने सगळं गेलं असतं!"

ते कबुलीसारखंच होतं. लोक उठले. नामा सर्वांत पुढे. "गद्दार!" तो किंचाळला आणि कोणाची तरी काठी त्याने हिसकावून घेतली.

जिजाबाई मध्ये उभी राहिली.

"सोमवारी बी हेच वरडलास ना रं?" ती म्हणाली. "माझा नवरा पानी मागत व्हता तवा?"

नामाच्या हातातली काठी खाली आली.

ऑगस्टीनने बाबुरावला बेड्या घातल्या. मग दोरखंड काढला. "नामा, ये. बाकीचे दहाही या."

"साहेब, आमाला फसवलं हो!"

"फसवलं, खरंय. काठ्या तुमच्याच होत्या."

पावसाळ्याच्या तोंडाशी ठाण्याला खटल्याचा निकाल लागला. बाबुरावला फाशी, अकरा जणांना दोन-दोन वर्षं. ऑगस्टीन स्वतः राईला सांगायला गेला. जिजाबाई ओटीवर तांदूळ निवडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"दोनच?" तिने विचारलं, आणि पुन्हा सूप हातात घेतलं.